तड्याच्या टोकाशी राहिलेलं भांडण

संजू, तुझी चूक सापडली. माझीही सापडली, पण तुझी आधी सांगते. ती सापडायची मी होस्टेलच्या दिवसांपासून वाट बघत होते, आणि सापडली तेव्हा तावातावाने उलट बोलायला तू नव्हतीस.

तू गेलीस त्याला आज सव्वीस दिवस झाले. जलदानविधीला मी मुखेडला आले होते. माणसं पुष्कळ जमली होती आणि चांगलं बोलली. तुझ्या कॉलेजातले एक सर उभे राहिले आणि तुझा स्वभाव किती शांत, किती समंजस होता ते सांगू लागले, तेव्हा मी ओढणी तोंडावर धरली. बायकांना वाटलं रडते आहे, एकीने पाठीवर हात ठेवला. मला हसू आवरत नव्हतं, मग खरंच रडू आलं, आणि नंतर कुठलं काय ते माझं मलाच कळेना. तू आणि शांत! अहमदपूरच्या बसस्टँडजवळच्या त्या कँटीनवाल्याला भाषणाला बोलवायला हवं होतं. तू नांदेडहून यायचीस, मी लातूरहून, आणि मधल्या त्या गावात चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा समोर ठेवून आपण लॅपटॉप उघडायचो. एकदा तो बिचारा टेबलाशी येऊन म्हणाला होता, "मॅडम, घरचं भांडन घरी मिटवा की. गिऱ्हाईक उठून जाऊन राहिलं." त्याला काय सांगणार, की ह्या दोन प्राध्यापक बायका पोलाद किती ताण सोसतं ह्यावरून एकमेकींच्या अंगावर येत आहेत!

आता हे लिहायचं तर आपलं काम काय होतं ते आधी सांगावं लागेल. तू नेहमी म्हणायचीस, "शिवे, तुझ्या बापाच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला समजलं पायजे. त्याला न्हाई समजलं म्हंजे तुलाच न्हाई समजलं." तर तसंच सांगते. उदगीरला माझ्या बाबांचं भांड्यांचं दुकान. हंडा हातानं जरा दाबला तर आत जातो, सोडला की पहिल्यासारखा होतो. तोच जोरात आपटला तर पोचा पडतो, आणि पोचा राहतोच. पहिलं झालं लवचिक वागणं, दुसरं प्लॅस्टिक. बादलीच्या प्लॅस्टिकशी त्याचा संबंध नाही. धातू एका मर्यादेपलीकडे ताणला की नमतो आणि आकार कायमचा बदलतो, एवढाच त्याचा अर्थ. तिसरं वागणं आपण होस्टेलच्या गच्चीवर रोज बघायचो. नायलॉनची दोरी, तिच्यावर तेच ते ओले कपडे, ओझं वाढत नव्हतं, तरी महिन्यामहिन्याला दोरी खाली खाली येत गेली आणि शेवटी आपल्या सलवारी फरशीला टेकल्या. ते क्रीप. थंड पोलाद असं करत नाही, पण तापलेलं करतं. साखर कारखान्याच्या मोठ्या बॉयलरची वाफ पाचशे अंशांच्या वर तापलेली असते, आणि ती वाहून नेणारे पाईप वर्षानुवर्षं मुकाट्यानं असे ताणले जातात.

त्यात कुठे तडा असला तर सगळा ताण त्या तड्याच्या टोकाशी गोळा होतो. तू कँटीनमध्ये पोळीला नखानं बारीक फाट पाडून दोन्ही बाजूंनी ओढून दाखवायचीस, आणि पोळी नेमकी त्या फाटेपासूनच पुढे फाटायची. टोकाशी ताण किती, तो काळाबरोबर कसा सैल पडतो, तडा कधी पुढे सरकेल, हे मोजायला तिथे कुठलंच यंत्र पोचत नाही. ते कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून काढावं लागतं. कॉम्प्युटर मात्र आज्ञाधारक. पोलाद कसं वागतं ते तुम्ही जेवढं सांगाल तेवढंच त्याला माहीत. आपलं सगळं भांडण ह्या 'जेवढं सांगाल' वर होतं.

उन्हाळ्यात ते काम आलं. लातूर जिल्ह्यातला एक कारखाना, नाव लिहीत नाही. हंगाम संपल्यावर तपासणी झाली आणि मुख्य स्टीम लाईनच्या एका बेंडवर, वेल्डिंगच्या शेजारी, बारीक तडा दिसला. बेंड म्हणजे पाईपाचं वळण. ते नेमकं बॉयलरसमोरच्या जिन्यावर होतं. पाळी बदलली की माणसं डबे हातात घेऊन त्याच्याखालून ये-जा करतात. आपण दोघी बघायला गेलो होतो तेव्हा तू जिन्यावर उभी राहून बराच वेळ वर बघत होतीस. डोक्याला रुमाल बांधलेला होता. दुसरी केमो होऊन आठवडाही झाला नव्हता आणि मी नको म्हणत असताना तू आली होतीस. कारखान्याचा प्रश्न साधा होता. ह्या बेंडवर आणखी एक हंगाम काढता येईल की आत्ताच बदलायचं? बदलायचं तर त्या जातीच्या पोलादाचं बेंड मागवून यायला काही महिने लागणार होते.

पहिलं सिम्युलेशन मी केलं आणि त्यात पोलादाला लवचिक वागणं सांगितलं, क्रीप सांगितलं, प्लॅस्टिक सांगितलंच नाही. सोपं पडतं, लवकर होतं, आणि तसं करणारे पुष्कळ आहेत. उत्तर आलं की बॉयलर पेटल्यावर पहिल्या काही तासांत तड्याच्या टोकाशी ताण प्रचंड वाढतो, तडा लवकर सरकणार, बेंड बदला. मी खूश. तासाभरात तुझा फोन.

"काय करून राहिलीस तू? एवढा ताण त्या पोलादानं घेतलाच न्हाई. त्याच्या कितीतरी आधी ते नमतंय. तू कॉम्प्युटरला सांगितलंच न्हाई की ह्याला पोचा पडतो."

"न्हाई सांगितलं. जास्तीचा ताण दिसला तर बिघडलं कुठं? चुकायचंच असलं तर सुरक्षित बाजूला चुकावं."

"खोटं भेव दाखवायचं आन् त्याला सुरक्षित बाजू म्हनायचं! कोन्या बाजूला चुकलीस ते तुला तरी ठाव हाय का?"

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. तुझी बोलण्याची तऱ्हाच तशी, एका फोनमध्ये दहा टोमणे, त्यातला कुठला जपून ठेवायचा हे माणसाला कसं कळावं.

मग काम तू ओढून घेतलंस. त्या पोलादाचा ताणाचा आलेख माझ्याकडे मागितलास आणि मी घाईत पाठवला, तर तुझं उत्तर आलं, "हा बॉयलरचा हाय का फ्रिजचा?" मी खोलीच्या तापमानाचा आलेख पाठवला होता. गरम पोलाद फार लवकर नमतं, थंडाचा आलेख घालून केलेलं काम निव्वळ नाटक झालं असतं. इतकी वर्षं पोरांना शिकवते आणि हे मी केलं! तू ते पुढे कुणालाही सांगितलं नाहीस, फक्त मला रोज सांगत राहिलीस.

तुझं उत्तर आलं ते खरंच देखणं होतं. टोकाशी पोलाद नमतं, त्यामुळे ताणाला वर छत मिळतं, तो आजूबाजूला वाटला जातो. माझ्या आलेखातला तो पहिल्या तासांचा भयंकर सुळका तुझ्यात नव्हताच. पुढे क्रीपनं ताण सैल पडत जातो आणि काही दिवसांनी तुझी रेघ आणि माझी रेघ एकत्र येऊन एकच होते. तू त्याखाली हातानं लिहिलं होतंस, "शेवटी दोघी एकाच जागी येतो. सुरुवातीला तू उगीच बोंबलतीस." निष्कर्ष असा की तडा ह्या हंगामात जाणवण्याइतका सरकणार नाही, बेंडवर एक हंगाम काढता येईल, मग पुन्हा तपासा. नांदेडच्या दवाखान्यात खाटेवर बसून तू त्या अहवालावर सही केलीस, मीही केली. त्यानंतर तू अकरा दिवस होतीस.

जलदानविधी झाल्यावर चार दिवसांनी मी तो अहवाल घेऊन कारखान्यात गेले. टपालाने पाठवता आला असता, पण मला वाटलं, तुझं शेवटचं काम, आपल्या हातानं द्यावं. चीफ इंजिनिअर मीटिंगमध्ये होते, म्हणून मी बॉयलरकडे गेले. तिथे हुसेनचाचा होते, आपल्याला त्या दिवशी जिन्यावर घेऊन गेलेले, बॉयलरवर उभं आयुष्य काढलेले. त्यांनी तुझी चौकशी केली आणि मला सांगावं लागलं. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले.

मग विषय बदलायला म्हणून असेल, म्हणाले, "आता अग्निप्रदीपन हाय पुढच्या महिन्यात. या मॅडम तुमी. लई मोठा कार्यक्रम असते."

"येईन की. आणि चाचा, एकदा पेटला की मग हंगाम संपेपर्यंत चालूच ना?" मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं.

चाचा हसले. "कुठलं मॅडम! पूजा एकबार होते, पेटवतो किती बार ते आमाला ठाव. ऊस आला न्हाई की बंद. जळनाचं चिपाड ओलं झालं की बंद. मिलमधी काही तुटलं की बंद. दोन दिवस थंड पडते, फिर पेटवा. त्या बाकीच्या बारीला कोन नारळ फोडते?"

संजू, मी अहवालाची पिशवी छातीशी धरून तिथेच उभी राहिले.

आपण एक सुरुवात धरली होती. तुझ्या सिम्युलेशनमध्ये, माझ्यातही, बॉयलर एकदा पेटतो आणि हंगामाच्या शेवटी एकदा विझतो. कारखान्याने पाठवलेल्या कागदावर दोनच तारखा होत्या, अग्निप्रदीपनाची आणि सांगतेची, आणि आपण त्या डोळे झाकून घेतल्या. का नाही घेणार? आपण इथल्याच. बॉयलरचं अग्निप्रदीपन म्हणजे काय ते आपल्याला लहानपणापासून माहीत. सत्यनारायण, होमाचा धूर, फेटे बांधलेले संचालक जोडीनं बसलेले, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. हंगामाला एकदा. बाहेरगावच्या, साखर कारखाना कधी न पाहिलेल्या कुणी हे काम केलं असतं, तर त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं असतं की हा बॉयलर बंद किती वेळा पडतो. आपल्याला ते विचारावंसंच वाटलं नाही, कारण आपल्याला उत्तर आधीच ठाऊक होतं. ती पूजा आपण सरळ कॉम्प्युटरमध्ये घातली.

चाचांनी मला रजिस्टर दाखवलं. बंद पडलेल्या प्रत्येक वेळेची नोंद लाल शाईनं, त्यांच्या अक्षरात. मी पानं उलटत गेले आणि प्रत्येक पानावर लाल होतं. अहवाल न देताच मी लातूरला परतले.

घरी येऊन आधी माझ्याच जुन्या सिम्युलेशनमध्ये थांबे घातले, ज्यात प्लॅस्टिक नव्हतं. बॉयलर बंद केला, थंड केला, पुन्हा पेटवला. काही झालं नाही. बंद पडताना जेवढा ताण उतरला होता तेवढाच पेटताना चढला, आणि तो पूर्वी सैल पडून जिथे होता तिथेच येऊन बसला. सगळं शांत. क्षणभर मला बरंही वाटलं. मग तुझ्यात घातले.

तुझ्यात पोलाद नमत होतं ना, ते उलट्या बाजूनंही नमलं. बॉयलर थंड पडताना टोकाशी ताणून बसलेल्या तेवढ्याशा धातूला आजूबाजूचं पोलाद दाबून आत ढकलतं, आणि तो दाबाखालीही नमतो. पुन्हा पेटवला की त्याला परत ताणलं जातं, आणि कितीतरी दिवस लागून जो ताण सैल पडला होता तो एका फटक्यात वर येतो, पहिल्या दिवशी होता तितका. प्रत्येक वेळी. त्या टोकाच्या दृष्टीनं प्रत्येक पेटवणं म्हणजे अग्निप्रदीपन. प्रत्येक वेळी ते थोडं ताणलं जातं आणि त्याची ताणलं जायची ताकद थोडी संपते. चाचांच्या लाल शाईइतके थांबे घातले तर तडा त्याच हंगामात चांगलाच पुढे सरकत होता.

"बघ! बघ म्हटलं होतं ना, बेंड बदला!" असं मी मोठ्यानं बोलले, तुझ्याशी, घरात एकटीच. आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं की मी असं म्हणूच शकत नाही. माझं उत्तर बरोबर निघालं होतं, पण ते काढायची माझी रीत पार आंधळी होती. ज्याला मी सुरक्षित बाजू म्हणत होते त्या बाजूला पहिल्या दिवशी नसलेलं भय दिसत होतं आणि पुढचं असलेलं भय दिसतच नव्हतं. कोन्या बाजूला चुकलीस ते तुला तरी ठाव हाय का, असं तू विचारलं होतंस. नव्हतं मला ठाव. रीत तुझी बरोबर होती. तुझ्या रीतीनंच ते दिसलं, दुसऱ्या कशानंही दिसलं नसतं. आणि उत्तर तुझं चूक होतं. खाली तुझी सही होती, आणि ती तुला खोडायला सांगता येत नव्हती.

दोन दिवस मी तो अहवाल टेबलावर ठेवून फिरत राहिले. मग मुखेडला तुझ्या घरी फोन लावला. आई म्हणाल्या, "बोल शिवलीला माय." मी सांगितलं की संजूच्या शेवटच्या कागदात चूक निघाली आहे, तो बदलावा लागेल, लोकांना कळेल.

"चूक तिची हाय का?"

"तिची हाय. माझी बी हाय. दोघींची."

"कुनाला इजा होईल का त्यानं?"

"होऊ शकते, आई."

"मंग बदल की. मला काय इचारतीस? ती काय देव व्हती व्हय?" मग त्या म्हणाल्या, "लई भांडता म्हनायची तुमी दोगी. शिवलीलासंगं भांडून आल्यावर दोन भाकरी जास्तीच्या खायची."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

नवा अहवाल घेऊन गेले तर चीफ इंजिनिअरनी तो वाचला, जुना मागितला, तोही वाचला. माणूस वाईट नाही. पण हंगाम तोंडावर, वरून विचारणा चाललेली, आणि हातात एक सही केलेला कागद की ज्यात चालवा म्हणून लिहिलं आहे. ते म्हणाले, "मॅडम, संजीवनी मॅडमचा अभ्यास तुमच्यापेक्षा जास्त होता, तुम्हीच सांगायचात. आता त्या राहिल्या नाहीत. गेलेल्या माणसाचा शेवटचा शब्द कशाला मोडता?"

माझं डोकं फिरलं. तुझ्या मरणाचा असा पाचर म्हणून उपयोग होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "तिचा शेवटचा शब्द काय होता ते मला विचारा. मी तिथे होते." आणि मग जे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्या ऑफिसात, त्या परक्या माणसासमोर सांगितलं.

तू सही करायच्या आधी पेन हातात धरून माझ्याकडे बघितलं होतंस. "एवढ्यात कबूल झालीस? बरी हायस ना तू?" मी हसले. तू म्हणालीस, "काही राह्यलं का बघ अजून. तू भांडल्याबिगर मला भरवसा वाटत न्हाई." आणि मी म्हणाले, काही नाही राहिलं, कर सही.

राहिलं होतं, संजू. थांब्यांचं नाही, ते माझ्या मनात आलंच नव्हतं. पण माझं समाधान झालं नव्हतं. आतून काहीतरी टोचत होतं, आणि एरवी मी ते टोचणं घेऊन तुझ्याशी तीन तास भांडले असते, तू मला वेड्यात काढलं असतंस, मी तुला, आणि त्या हाणामारीत कुणाच्या तरी तोंडून निघालं असतं, अगं पण हा बॉयलर मध्ये बंद पडतो का? असंच निघायचं आपलं. पण तुझी मनगटं काडीसारखी झाली होती आणि सलाईनची सुई लावून लावून हात काळानिळा पडला होता. मला वाटलं, जिंकू द्यावं हिला. मी तुझी कीव केली. आपल्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तुला जिंकू दिलं, आणि तू ते ओळखलंस, विचारलंससुद्धा, आणि मी खोटं बोलले. ह्याची लाज मला त्या चुकीपेक्षा जास्त वाटते.

तसं बघितलं तर मी तुझ्याशी दोनदाच गप्प बसले. पहिल्यांदा पुष्कळ वर्षांपूर्वी, तू उदगीरला पहिल्यांदा आलीस तेव्हा. बाबांच्या दुकानात गप्पा मारत बसलो होतो. काकूनं चहा आणला. आम्हा सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात आणि तुला कागदी कपात. भांड्यांच्या दुकानात, जिथे फळीफळीवर पेल्यांच्या चळती लागलेल्या! तू कपाकडे बघितलंस, चहा प्यालीस, काकूला म्हणालीस, चांगला झाला. मी खाली मान घालून बिस्किट खात राहिले. तू मला त्यावरून कधी टाकून बोलली नाहीस, आणि जी बाई एका आलेखावरून रोज छळते तिनं ह्यावरून एक अक्षर काढू नये ह्याचा अर्थ मला कळत होता. ते भांडण तू माझ्यावर सोडलं होतंस. मला काकूशी ते करता आलं नाही, तुझी माफी मागता आली नाही. आता मागते. उशीर झाला, माहीत आहे.

चीफ इंजिनिअरनी माझं ऐकून घेतलं. मग त्यांनी हुसेनचाचांना बोलावलं आणि रजिस्टर आणायला सांगितलं. चाचा लाल नोंदी वाचत गेले, मी लॅपटॉपवर प्रत्येक नोंदीला टोकाचा ताण कसा उसळतो ते दाखवत गेले. सहा-सात पानं झाल्यावर साहेबांनी हात वर केला. "पुरे," म्हणाले. मोठा बॉयलर नवं बेंड बसल्याशिवाय पेटणार नाही असं ठरलं. तोवर जुन्या लहान बॉयलरवर जमेल तेवढं गाळप. जिन्याचा तो रस्ता बंद. उठताना त्यांनी विचारलं, नव्या अहवालावर संजीवनी मॅडमचं नाव कशाला, त्यांचा निष्कर्ष तर तुम्ही उलटा केलात. मी सांगितलं की हे उत्तर ज्या रीतीनं निघालं ती तिची आहे, आणि जी चूक सुधारली ती आम्हा दोघींची आहे, तर दोन्हींवर तिचं नाव राहील. पहिल्याच परिच्छेदात मी स्पष्ट लिहिलं आहे, आम्ही आधी चुकलो होतो आणि कशामुळे चुकलो होतो. सही मात्र मी एकटीनंच केली.

काल चाचांचा फोन आला होता. जुनं बेंड कापून खाली उतरवलं. त्यांनी फार काही सांगितलं नाही, "निकाल दिया मॅडम," एवढंच. मी फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो हा, की ते कापून तड्याचं टोक प्रत्यक्ष बघायला मिळालं तर तू आत्ता काय आरडाओरडा केला असतास. ते मागवून घेणार आहे मी. कापणार आहे. आणि त्यात तुझं आणखी काही चुकलेलं निघालं तर तेही लिहिणार आहे, तुझ्या नावानिशी. तू आजारी होतीस म्हणून मी एकदा तुझं ऐकलं, संजू. तू गेलीस म्हणून पुन्हा ऐकणार नाही.